जेवणावळीहून परत आलेले पातेले

जानेवारीतल्या फेस्ताच्या जेवणाला आमच्या निवासातले चाळीस लिटरांचे स्टीलचे पातेले नेले होते. त्यात मटणाचा पुलाव झाला, शंभरावर पाने उठली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या घरच्या बायांनी ते नेले होते त्यांनीच ते राखेने घासून, लख्ख करून ओसरीवर आणून ठेवले. आम्ही आत डोकावून पाहिले. तोंड दिसेल इतके ते चकचकीत होते.

पुढच्या महिन्यात बेळगावच्या बाजारातून अठरा किलो काळी द्राक्षे आणली. ती याच पातेल्यात चुरडली, साखर-पाणी घातले, यीस्ट सोडले आणि वर फडके बांधले. नाताळात गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी एकेक बाटली पोचवावी असा बेत होता. (मिस्साची वाइन ती ही नव्हे. ती बाहेरून येते, आणि तिच्यात साखरपाणी चालत नाही.) चौथ्या दिवशी रसावर तेलाचे बारीक डोळे तरंगू लागले. दहाव्या दिवशी वास सुटला. तो द्राक्षाचा नव्हता, आंबूसही नव्हता. जुन्या खोबऱ्याला येतो तसला खवट वास, आणि त्याच्या मागून लवंग-दालचिनीचा. तीन आठवड्यांनी गाळून घोटभर चाखली आणि सगळी केळीच्या आळ्यात ओतली.

यात त्या बायांचा काडीचाही दोष नव्हता. त्यांनी पातेले स्वयंपाकाला जितके स्वच्छ लागते तितके स्वच्छ केले होते. चूक आमची, की आंबवणाला तेवढी स्वच्छता पुरते असे आम्ही धरून चाललो. गोव्यात आणि इकडे खानापूर-बेळगावच्या बाजूस आपल्या पुष्कळ घरांत नाताळासाठी द्राक्षाची, जांभळाची, मनुकांची किंवा आल्याची वाइन घालतात, सुरेपासून सिरका करतात, आणि या सगळ्याला स्वयंपाकघरातलीच मोठी भांडी वापरतात. वेगळी भांडी घेण्याची ऐपत सर्वांना नसते. तेव्हा चुलीवरून आलेले भांडे आंबवणाला घेण्यापूर्वी कसे साफ करावे, आणि कोणते भांडे कितीही साफ केले तरी घेऊच नये, हे या वेळी थोडे विस्ताराने सांगतो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: घरी वाइन घालण्याबाबत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आहे, तो आपापल्या अबकारी कार्यालयात विचारून घ्यावा. परवान्यावाचून घरी भट्टी लावून दारू गाळणे हा तर सरळ गुन्हाच आहे. त्याविषयी येथे काही लिहीत नाही.

आता पहिली गोष्ट. भाजीसाठी घासलेल्या पातेल्यात थोडा ओशटपणा राहिला तर काय होते? काहीच होत नाही. पुढची भाजी त्यात पुन्हा उकळते, त्याच दिवशी संपते, आणि तिच्यातही तेल असतेच. आंबवणाचे तसे नाही. तो रस उकळला जात नाही, अंगाच्या उबेइतक्या किंवा त्याहूनही कमी उष्णतेत तो तीन-तीन आठवडे त्याच भांड्यात मुक्काम करतो. तेवढ्या वेळात भांड्याला चिकटलेली चरबी सुटून वर येते, हवा लागून खवट होते. शिवाय रसात मद्यार्क तयार होत असतो, आणि लवंग, दालचिनी, हिंग यांचा जो वास पाण्याने सुटत नाही तो मद्यार्क ओढून काढतो. म्हणून आमच्या पातेल्यात पाणी भरून ठेवले असता त्याला कसलाच वास आला नव्हता आणि वाइनला मात्र आला.

दुसरी गोष्ट जंतूंची. १८६३ साली फ्रान्सच्या सम्राटाने लुई पाश्चर यांना देशातली वाइन का बिघडते त्याचा शोध घ्यावयास सांगितले. १८६६ साली पाश्चरांनी त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वाइन आपोआप बिघडत नाही, तिच्या प्रत्येक दुखण्यामागे एकेका जातीचा सूक्ष्म जंतू असतो, असे त्यांनी दाखवून दिले. आंबट होणारी वाइन ही सिरक्याच्या जंतूची करणी. तो हवेवर जगतो आणि रसावर पापुद्रा धरतो. आता आपल्या स्वयंपाकघराकडे पाहा. सोरपोतेल, विंदालू, लोणची, ताक, इडलीचे पीठ: ज्या जंतूंना वाइनमध्ये येऊ द्यायचे नाही ते सगळे तेथे सुखाने नांदत असतात. त्यांचा आपल्याला उपद्रव नाही, उलट उपयोगच आहे. पण त्यांना नव्या रसाचे आमंत्रण द्यायचे नसते.

म्हणून घासणे हे एक काम आणि जंतू मारणे हे दुसरे काम. दोन्ही लागतात, आणि याच क्रमाने लागतात. ओशट भांड्यात कढत पाणी ओतले किंवा औषध घातले तर ते चरबीच्या थरावरून वाहून जाते आणि थराखालचे जंतू शाबूत राहतात. आम्ही पुष्कळांना विचारले, बहुतेक ठिकाणी हीच चूक दिसली. लोक पातेल्यात आधण ओततात आणि झाले म्हणतात.

जेवणावळ उठल्यावर भांडे रात्रभर तसेच ठेवू नये. पाणी लावण्याआधीच आतली चरबी कोरड्या राखेने, डाळीच्या पिठाने किंवा जुन्या वर्तमानपत्राने पुसून काढावी. निम्मे काम तेथेच होते. मग पहिले पाणी घालायचे ते गार किंवा कोमट. दूध, अंडे किंवा रक्त लागलेल्या भांड्यात प्रथमच कढत पाणी ओतले तर ते भांड्यावरच शिजून बसते, जसे तव्यावर अंडे बसते, आणि मग घासणारीचे हात दुखेपर्यंत निघत नाही. खरकटे निघाल्यावर मात्र कढत पाणी हवे, आणि त्यात धुण्याचा सोडा. पाच लिटर पाण्याला दोन मोठे चमचे पुरतात. खाण्याचा सोडा तो हा नव्हे, त्याने एवढे काम होत नाही. धुण्याच्या सोड्याने चरबी सुटते. आपल्या आज्या राखेने घासत त्यामागेही हेच शास्त्र आहे, लाकडाच्या राखेत त्याच जातीचा क्षार असतो. अर्धा तास भिजू द्यावे, मग काथ्याने किंवा नारळाच्या किशीने घासावे. सोड्याने कातडी फाटते, म्हणून हातात रबरी मोजे घालावेत आणि डोळ्यांत शिंतोडा जाऊ देऊ नये.

सगळ्यात दगा देतात त्या सांदी. कान ज्या रिबिटांनी ठोकलेले असतात त्यांच्या आतल्या डोक्यांभोवती, झाकणाच्या दुमडलेल्या काठात, तोटी असल्यास तिच्या रबरी चकतीखाली, गाळणीच्या कडेत. आमच्या पातेल्याच्या रिबिटांभोवती आम्ही नंतर दातांचा जुना ब्रश फिरवला तेव्हा पिवळट मेणचट गोळी निघाली. तोटी तर दर वेळी खोलूनच धुवावी. ती खोलता येत नसेल तर त्या भांड्यात वाइन घालू नये.

मग स्वच्छ पाण्याने तीनदा विसळावे. साबण वापरला असेल तर आणखी एकदा. बोअरचे जड पाणी असले की साबणाचा पांढरा साका भांड्याला धरतो, तो डोळ्यांना दिसतोही. तो काढायला लिंबूसत्त्वाचे पाणी चांगले. सिरक्यानेही तो निघतो, पण येथे एक खुबी आहे. घरचा न उकळलेला सिरका म्हणजे आंबट करणाऱ्या जंतूंचे विरजणच, त्याने विसळलेल्या भांड्यात वाइन घातली तर आपण होऊनच तिचा सिरका केल्यासारखे होते. वापरायचाच तर तो आधी चांगला उकळून घ्यावा.

भांडे खरोखर निघाले की नाही हे ओळखण्याच्या दोन खुणा सेमिनरीतल्या एका वृद्ध ब्रदरांनी आम्हांला शिकवल्या होत्या. ते कोठाराचे काम पाहत. त्या वयात आम्हांला भांड्यांपेक्षा पुस्तकांचा अभिमान अधिक, म्हणून आम्ही कान दिला नाही आणि वीस वर्षांनी त्याची किंमत द्राक्षांत मोजली. पहिली खूण अशी: भांड्याच्या आतल्या बाजूवरून गार पाणी सोडावे. पाणी सलग चादरीसारखे उतरले तर भांडे स्वच्छ. ते जागोजाग तुटून अळूच्या पानावर असते तसे थेंब धरून राहिले, तर तेथे ओशटपणा आहेच, पुन्हा सोडा लावावा. दुसरी खूण वासाची. भांड्यात तांब्याभर आधण ओतून झाकण घालावे, दहा मिनिटांनी झाकण उचलून लगेच वाफेचा वास घ्यावा, चेहरा मात्र थोडा लांब ठेवून. गार भांडे जे लपवते ते गरम वाफ सांगते. आमचे ते चकचकीत पातेले या दोन्ही परीक्षांत नापास झाले असते.

इतके झाल्यावर जंतूंकडे वळावे. स्टीलच्या भांड्यात पाणी भरून ते झाकण घालून दहा मिनिटे खळखळा उकळावे, डाव आणि गाळणी त्यातच टाकावी. खर्च काही नाही आणि औषधाचा वास उरत नाही, म्हणून आमचा कल याच रीतीकडे आहे. काचेच्या बरणीत मात्र एकदम आधण ओतू नये, तडकते. ती कोमट पाण्यापासून हळूहळू तापवत न्यावी, किंवा सरबताच्या टिकाऊपणासाठी जे केएमएस वापरतात त्याचे पाणी तीत फिरवावे. केएमएसचा वास तिखट असतो, दमेकऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे. प्लास्टिकच्या पिंपाला उकळते पाणी सोसत नाही. त्यालाही केएमएस, किंवा चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा बिनवासाचे ब्लीच घालून ते काही मिनिटे सर्वत्र लावावे आणि उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीनदा विसळून टाकावे.

ब्लीचविषयी एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहावीशी वाटते. ब्लीच आणि सिरका, ब्लीच आणि लिंबूसत्त्व, ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड यांची गाठ कधीही पडू देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. तो बंद मोरीत माणसाची छाती भरून आणतो आणि अधिक झाला तर जीव घेतो. आज सिरक्याने धुतले, पुरेसे निघाले नाही, म्हणून लगेच वर ब्लीच ओतले, असे घाईत सहज घडते. तसेच मोठे पिंप रिकामे केल्यावर तळ घासायला लगेच आत डोके घालू नये. आंबताना निघणारा वायू हवेहून जड असतो, तो तळाशी साचून राहतो, दिसत नाही. पिंप आडवे करून पाण्याने भरून ओतावे, मग हात घालावा.

धुतलेले भांडे ओट्यावरच्या फडक्याने पुसले की सगळे मुसळ केरात. ते फडके म्हणजे दिवसभराच्या सगळ्या भांड्यांचा सारांश असतो. स्वच्छ फळीवर भांडे पालथे घालून आपोआप निथळू द्यावे. उकळण्याचे काम आदल्या दिवशी उरकू नये, फळे चुरडायच्या घटकेलाच करावे.

आता भांडे कशाचे आहे तिकडे वळू, कारण येथे प्रश्न नुसत्या चवीचा राहत नाही. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते हे आपल्या घरांत लहान मुलासही ठाऊक असते. द्राक्षाचा रस, जांभळाचा रस आणि सिरका ही तीच जात, आंबट. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात असा रस दोन दिवस राहिला की त्यात तांबे उतरते आणि पिणाऱ्यास मळमळ, उलटी, पोटात पीळ पडतो. एका घरी सिरका पितळी तपेल्यात झाकून ठेवला होता. आम्ही गेलो तेव्हा कडेला हिरवे-निळे कडे धरलेले दिसले, आणि घरची मंडळी दोन दिवस पोट बिघडल्याचा दोष बिचाऱ्या मासळीला देत होती. कल्हई केलेली असली तरी ती स्वयंपाकापुरती मानावी. आठवडेच्या आठवडे आंबट पदार्थ धरून ठेवण्यासाठी ती नसते, शिवाय कल्हईच्या कथलात शिसे मिसळलेले नाही याची खात्री आपल्याला करता येत नाही.

यावर गोव्याकडचे वाचक म्हणतील की काजूच्या भट्टीवरचे भाण तांब्याचेच असते, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. पण काजूचा रस तेथे भाणात आंबत ठेवीत नाहीत, तो आधी मडक्यांत किंवा पिंपांत आंबवतात. भाणात तो आगीवर असतो तेवढाच वेळ, आणि पुढे जाते ती वाफ, भांड्यातला रस नव्हे. भात उकडायचे भाण घरात आहे म्हणून त्यात द्राक्षे आंबवायला घालावीत असा त्याचा अर्थ होत नाही.

ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा खातो आणि आंबट रसही खातो, तेव्हा ते दोन्ही बाजूंनी बाद. जस्ताचा मुलामा दिलेली बादली तर नकोच नको. आंबट रसात जस्त विरघळते, आणि असले पेय पिऊन पंगतीच्या पंगती ओकल्याची उदाहरणे वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. चिनीमातीची बरणी उत्तम, पण आतला लुकण तडकलेला किंवा उडालेला नसावा. फार जुन्या रंगीत बरण्यांच्या लुकणात शिसे असू शकते, त्या शोभेला ठेवाव्यात. लोणच्याची बरणी घ्यावी का, असे बऱ्याच बाया विचारतात. आतून काचेसारखी गुळगुळीत असेल आणि वाफेच्या परीक्षेत हिंगाचा वास आला नाही तर घ्यावी. हळदीचा डाग भिऊ नये असा आहे, दोन दिवस कडक उन्हात ठेवला की तो आपोआप फिका पडतो. झाकणाचे रबर मात्र नवे घ्यावे, हिंग रबरातून जात नाही.

साध्या मातीच्या मडक्यात एकदा आमटी किंवा मांस शिजले की ते वाइनला कायमचे बाद झाले. माती चरबी पिते, ती बाहेर काढण्याचा उपाय नाही. लाकडी डावाचे तेच. प्लास्टिकही वास पिते, आणि घासणीने त्यावर जे चरे पडतात त्यांत जंतू घर करतात. म्हणून प्लास्टिक मऊ फडक्यानेच धुवावे, आणि चरे पडलेले पिंप पाणी भरायला लावावे. शेतकरी बांधवांना येथे हात जोडून सांगतो, की फवारणीचे औषध ज्या पिंपात, डब्यात किंवा बादलीत एकदा कालवले गेले ते कितीही धुतले तरी खाण्यापिण्याला घेऊ नये. दहा वेळा धुतले, वास गेला, असे सांगून एक गृहस्थ तसले निळे पिंप आम्हांला द्राक्षांसाठी द्यायला आले होते. त्यांचे मन मोठे, पण आम्ही त्यांच्यादेखत त्याला खाली भोके पाडली.

ज्या भांड्यात किंवा पिंपात सिरका झाला ते सिरक्यालाच ठेवावे. वाइन आंबट झालीच तर ती फेकण्याचे कारण नाही. तिचा बिघाड नुसता आंबटपणाचा असेल, खवट वास किंवा रंगीत बुरशी नसेल, तर ती वेगळ्या बरणीत काढून वर पातळ फडके बांधून ठेवावी, सिरका होईल. आमची खवट होती म्हणून केळीला गेली. केळीने तक्रार केली नाही.

एवढे सगळे दर वेळी करणे जमणार नसेल तर सोपी वाट म्हणजे एक भांडे बाजूला काढणे. नवे घेण्याची गरज नाही, घरातले सर्वात कमी चऱ्यांचे, बिनरिबिटांचे स्टीलचे भांडे निवडावे, एकदा वर सांगितल्याप्रमाणे धुवावे आणि पालथे घालून वर ठेवून द्यावे. अडचण पडते ती शेजारधर्माची. पातेले मागायला आलेल्याला नाही म्हणणे आपल्याकडे फार कठीण, त्यातून बारसे किंवा दुःखाचे घर असले तर विचारूच नये. आमच्या निवासात आता दोन पातेली आहेत. वाइनच्या पातेल्याच्या कानाला लाल चिंधी बांधली आहे, आणि दुसरे, जरा काळवंडलेले पण त्याहून मोठे, दाराशीच ठेवले आहे. मागायला येणारे तेच मोठे उचलून नेतात.